पहिल्या तासाचा शब्द

पहिल्या तासाला तारविन झाडावर असायचा. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पण त्याची मुलगी मुर्नी अकरावीच्या वर्गात खिडकीकडच्या बाकावरून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघायची, तेव्हा पहिल्या चौकोनात तिला 'भौतिकशास्त्र' वाचता यायचं नाही. तिथं माडाचा शेंडा दिसायचा, आणि शेंड्यात बाप.

उताराच्या बागेतल्या माडांवर तो दिवसातून दोनदा चढायचा. सकाळी नीरेनं भरलेले बांबूचे नळे सोडवायचे, पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक विळ्यानं कागदाएवढं पातळ कापायचं, आत चुना लावलेला रिकामा नळा अडकवायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. खोडात पावलाच्या पुढच्या भागापुरत्या खाचा. पावसाळ्यात त्या खाचांत शेवाळ धरायचं, आणि तो खालून वर जाताना प्रत्येक खाच हाताच्या अंगठ्यानं खरवडत जायचा. त्याचा उजवा अंगठा नखाशिवायचा होता.

कमरेला लटकलेले नळे चढताना एकमेकांवर वाजायचे. टक, टटक, टक. मुर्नी बापाला पाक म्हणायची आणि आईला बू. घरात चुलीपाशी ही बू, नार्सिती, मोठ्या कढईत नीरा आटवत असायची आणि तिचा एक कान बाहेर असायचा. आवाज चालू म्हणजे माणूस चालू. आवाज थांबला म्हणजे तो शेंड्यात पोचलाय, कापतोय. आवाज थांबून फार वेळ झाला की तिचा ढवळता हात थांबायचा. त्या दिवशीचा गूळ तळाला लागायचा, आणि बाजारात व्यापारी तो नाकाशी नेऊन म्हणायचा, "काय नार्सिती, नवऱ्याकडे लक्ष होतं वाटतं?"

त्या घरात पाऊस यायचा. अंधार व्हायचा. स्वप्न दिसायचं. लहान मुलांचे दात निघायचे. या सगळ्यांसाठी बाकी जगाला जे एक साधं क्रियापद पुरायचं, ते त्या घरात चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेलं असायचं. नीरा काढणाऱ्यांच्या सगळ्याच घरांत ते तसं. माणूस वर असताना तो शब्द उच्चारला तर झाड ऐकतं. आणि माणूस खाली कधी आला, वर कधी गेला याचा हिशोब कोण ठेवणार, म्हणून तो शब्द कधीच उच्चारायचा नाही. हातातून पळी सुटली तर पळी बसली. नारळ बसला. झावळी बसली.

माणसाबद्दल बोलायची वेळ आलीच, तर तेच. गेल्या पावसाळ्यात नार्सितीचा धाकटा भाऊ दारसुन, मुर्नीचा लिक, बसला. तो अजून उठलेला नाही.

*

विषय: (रिकामा)

हेंद्रो सर शहरातून बदलून आले होते. रोज स्कूटर पुसायचे, वर्गात चष्मा पुसायचे, आणि दोन्हींवर पाऊस पुन्हा यायचा.

"प्रत्येकानं एक विषय निवडायचा," ते म्हणाले. "वर्गासमोर उभं राहून सांगायचा. पुस्तकातलं उतरवून आणलंत तर मी खिडकीबाहेर बघत बसेन. ज्यानं तुमची झोप उडते असं काहीतरी आणा."

"मी कृष्णविवर घेणार," मुर्नीच्या बाकावरची तिया कुजबुजली. तिच्या बापाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं.

"तुला त्यातलं काय कळतं?"

"कुणालाच कळत नाही. मग चुकलं कसं धरतील?"

सर ओळीतून येत मुर्नीपाशी थांबले. "तुझ्या घरी काय करतात?"

"गूळ, सर."

"मग झालं तर. उकळणं घे. कढई आहे, चूल आहे, सगळी प्रयोगशाळा घरात."

मुर्नीनं मान हलवली.

*

विषय: उकळणं

"त्यात सांगायचं काय?" नार्सिती म्हणाली. तिनं कढईतला फेस पळीनं मोडला. "लाकूड सार, ढवळ, डोळे चोळ. पोरं हसतील तुला."

"किती तापल्यावर दाट होतं, ते सांगायचं."

"दाट झालं की दाट होतं." मग तिचा हात थांबला. मुर्नीनंही श्वास धरला. बाहेर झाडांवरून पाणी ठिबकत होतं, कोंबड्या कुरकुरत होत्या. टक. टटक. नार्सितीनं पळी फिरवली. "हं. काय म्हणत होतीस?"

मुर्नीला आठवेना. उकळण्यानं तिची झोप उडत नव्हती. ज्यानं उडत होती, ते आत्ता पाच-सहा श्वास या घरात येऊन उभं राहिलं होतं आणि परत गेलं होतं.

*

विषय: वीज

नको. पावसाळ्यात तर नकोच. "ती आपली वर आहे तिथं बरी आहे," नार्सिती म्हणाली, "तिला शाळेत कशाला नेतेस?"

*

मग सरांनी एका सकाळी, उगाच, विषय सुचावा म्हणून, एका हातात खडू घेतला आणि दुसऱ्या हातात तो जाडजूड शब्दकोश. दोन्ही हात खांद्याइतके वर.

"खाली आधी कोण येईल?"

"शब्दकोश, सर."

त्यांनी हात उघडले. मुर्नीनं डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिला फक्त ऐकू आलं. एकच आवाज.

"वजनाचा संबंध नाही," सर वाकून खडूचे तुकडे गोळा करत म्हणाले. "हवा आड आली नाही तर डोंगर आणि दाणा बरोबरच येतात. याला म्हणतात मुक्त पतन."

मुर्नीनं डोळे उघडले आणि आधी खिडकीबाहेर उताराकडे बघितलं. कारण तारविन पावसाळ्यात सकाळी जेवायचा नाही. हलका माणूस झाडाला जड होत नाही, आणि काही झालंच तर हलक्या माणसाला पानासारखा वेळ मिळतो, असं त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. चार घोट काळी कॉफी आणि गुळाचा खडा, एवढ्यावर तो बागेत जायचा. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या बरगड्या टोपलीसारख्या दिसायच्या. नार्सिती रोज भाताचं ताट झाकून ठेवायची आणि तो रोज म्हणायचा, "आल्यावर." खाचांतून उतरताना त्याचे पाय थरथरायचे. ते भीतीनं असं मुर्नीला वाटायचं. आता वाटलं, ते भुकेनं असतील.

"मग हेच घे की तू," तिया म्हणाली. "तुझा मामा पडला ना झाडावरून?"

"बसला."

"काय?"

"लिक दारसुन बसले."

"कुठं बसले?" तिया खरंच विचारत होती.

सर फळ्यावर नावं लिहीत होते. तियासमोर कृष्णविवर. कुणासमोर इंद्रधनुष्य. "मुर्नी?"

"उद्या सांगते, सर."

"काल पण उद्याच म्हणाली होतीस."

"तिचा विषयच 'उद्या' आहे, सर," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. सरही थोडे हसले.

"गुरुवारी सांग. गुरुवारी नाव नसलं तर गुणांच्या जागी मी रेघ ओढीन."

"सर," ती उभीच होती, "दुसऱ्या तासाला सांगितलं तर चालेल?"

"दुसऱ्या तासाला धर्मशिक्षण आहे. तिथं सांगशील तर ते सर तुला प्रार्थना म्हणायला लावतील. का, पहिल्या तासाला काय होतं तुला?"

मुर्नी खाली बसली. पहिल्या तासाला बाप वर असतो, हे सांगितलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

*

दारसुन शेजारच्या घरात खिडकीखाली आडवा असायचा. हातांनी करवंट्या घासून गुळाचे साचे करायचा. हात पूर्वीसारखेच जाड, आणि पाय कुणीतरी दुसऱ्याचे आणून ठेवल्यासारखे.

"लिक, एक विचारू?"

"विचार. मी काय पळून जातोय?"

"वरून येताना... काय वाटतं?"

दारसुननं आधी दाराकडे बघितलं. "तारविन कुठाय?"

"खाली आहेत. हातपाय धुतायत."

"मग ऐक." त्यानं करवंटी बाजूला ठेवली. "विळा. मला एवढंच वाटलं की विळा हातात आहे, पोटात घुसेल, तो लांब फेकायला हवा. म्हणून हात उचलला, आणि माती आली. लोक विचारतात, बायको दिसली का, देव दिसला का. कोण दिसणार? विळा फेकूनसुद्धा झाला नव्हता."

मुर्नीनं आपला हात उचलून बघितला. एवढाच वेळ.

"कुणी बोललं होतं का तेव्हा? तो शब्द?"

"शोधलं ना सगळ्यांनी. मला दवाखान्यात नेलं आणि इकडे हेच चाललं होतं, कोण बोललं, कोण बोललं. शेवटी निघालं, माझा धाकटा पतंगाबद्दल काहीतरी म्हणाला होता अंगणात. आजीनं तोंडावर मारलं त्याला." दारसुननं करवंटी पुन्हा उचलली. "तेव्हापासून बघतेस ना? पोरगं काही सांगायच्या आधी ओठ हलवून बघतं. निम्म्या वेळा सांगतच नाही."

बाहेर अंगणात ते पोरगं कोंबडीला दाणे टाकत होतं, तोंड घट्ट मिटून.

"मी खाचेतलं शेवाळ खरवडलं नव्हतं," दारसुन हळूच म्हणाला. "घाई होती. पण ते कुणी विचारलं नाही."

*

विषय:

*

बुधवारची संध्याकाळ. वारा सुटला होता. तारविन घराजवळच्या वाकड्या माडावर होता. नार्सिती जरा अलीकडे, मोकळ्या जागेत, भरलेले नळे कावडीला अडकवत होती. मुर्नी दारात लाकडं झाकत होती. टकटक थांबलेली, म्हणजे तो शेंड्यात होता. तिनं सवयीनं वर बघितलं.

बाप दिसला, झावळीच्या देठाला एका हाताचा विळखा घातलेला. त्याच्या कोपराजवळ भरलेला नळा पोयीवरून सुटून देठावर आला होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर बोटभर पुढे सरकत होता. त्याची तिकडे पाठ होती. त्याला दिसत नव्हतं.

सांगायला हवं होतं. मुर्नीनं तोंड उघडलं. गावातल्या कुठल्याही मुलीच्या तोंडात जो शब्द आपोआप आला असता, तो तिच्या घशाशी आला, अडला, आणि त्याच्या जागी घरातला शब्द बाहेर आला.

"बू, बसतोय! बू, बसतोय!"

नार्सितीनं ऐकलं. कावड तिनं खाली टाकली. वर बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात पुढे करून, झेलायला निघाल्यासारखी, ती वाकड्या माडाच्या बुंध्याकडे धावली.

उभी होती तिथं ती अगदी सुखरूप होती.

नळा तिच्या खांद्यावर आला. आवाज फार मोठा झाला नाही. बांबू फुटल्याचा आणि हाडाचा, दोन्ही मिळून एक. नीरा तिच्या केसांतून, पाठीवरून खाली वाहिली, आणि ती चिखलात गुडघ्यांवर आली, तरी हात पुढेच, मान आता वर, आणि डोळे शेंड्यात शोधत होते.

तारविन वरून तिच्याकडे बघत होता.

"आहेत," नार्सिती म्हणाली. "वरच आहेत." मग तिनं डोळे मिटले.

*

"काय ओरडलीस तू?"

हाडवैद्य खांद्याचं हाड बसवून, ओली पानं बांधून गेला होता. नार्सिती आतल्या खोलीत आडवी होती. तारविन चुलीसमोर. मुर्नी कढई ढवळत होती, कारण नीरा थांबत नाही, ती आंबते.

"बसतोय."

"कोण?"

"नळा."

तारविननं चुलीत लाकूड सारलं. "तिला वाटलं, मी."

"हो, पाक."

"नळा असं म्हणायचं."

"सुचलं नाही."

शेजारणी येऊन गेल्या. एकीनं विचारलं, पोर काय बोलली होती तेव्हा. तारविन म्हणाला, "बसतोय." ती म्हणाली, "मग बरोबरच बोलली की," आणि तिला कोड्यात टाकल्यासारखं झालं. शब्द बरोबर होता, कुणी चुकलं नव्हतं, आणि नार्सितीचं हाड मोडलं होतं. दोष ठेवायला जागाच नव्हती. ती जाताना मुर्नीकडे संशयानं बघत गेली.

पावसाचा आवाज छपरावर वाढला. आतून नार्सिती म्हणाली, "कढई हलव. वास येतोय." मुर्नीनं हात चालवला.

"शाळेत काहीतरी सांगायचंय म्हणे तुला," तारविन म्हणाला. "दारसुन सांगत होता. त्याला कसलं कसलं विचारतेस म्हणे."

मुर्नीनं पळी टेकवली. बोलून दाखवता येण्यासारखं ते नव्हतं. तिनं चुलीजवळची रिकामी करवंटी उचलली आणि दुसऱ्या हातात गुळाची कालची गार ढेप. बाकावर उभी राहिली.

"काय करतेस?"

तिनं हात उघडले. त्या घरात मुद्दाम असं कुणी कधी केलं नव्हतं.

एकच आवाज.

आतून नार्सिती ओरडली, "काय बसलं?"

"काही नाही," तारविन म्हणाला. तो करवंटीकडे बघत होता. मग ढेपेकडे. ढेपेचा कोपरा मोडला होता. तो उठला, दोन्ही वस्तू उचलून वजन करावं तशा हातांत तोलल्या. स्वतः बाकावर चढला. त्याचं डोकं तुळईला टेकलं. त्यानं हात उघडले.

एकच आवाज.

"पुन्हा," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी करवंटी तडकली.

"हलकं आणि जड बरोबरच येतं, पाक," मुर्नी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. "पान डुलत येतं, कारण त्याला हवा धरते. माणसाला धरत नाही. लठ्ठ असला तरी नाही आणि उपाशी असला तरी नाही."

तारविन बाकावरच उभा होता. छपराखाली तो फार उंच आणि फार बारीक दिसत होता.

"वरून किती वेळ लागतो?"

"वाकड्या माडाच्या शेंड्यावरून? दोन सेकंदही नाहीत."

"म्हणजे किती?"

"'बू, बसतोय' म्हणायला लागतो तेवढा."

तो खाली उतरला. बाक पुसला. कोपऱ्यात गावच्या कचेरीतून माडावर चढणाऱ्यांना मिळालेला कमरेचा पट्टा होता. तो त्यांच्या बकरीच्या गळ्यात होता आणि बकरी त्यात मजेत होती. मुर्नीनं तिकडे बघितलेलं त्यानं बघितलं.

"तो बांधून चढलो तर प्रत्येक झाडावर सोडायचा, बांधायचा. निम्म्या झाडांवरच ऊन कलेल. उरलेली नीरा काय तुझे सर पिणार?"

"मी काही म्हणाले नाही."

"बघितलंस."

त्यानं तडकलेली करवंटी चुलीत टाकली. मुर्नीला वाटलं, संपलं. ती कढईकडे वळली.

"सांग शाळेत काय ते," तो तिच्या पाठीला म्हणाला. "पण पहिल्या तासाला नको. मी वर असतो."

इतक्या वर्षांत तो घाबरतो असं मुर्नीनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तोपर्यंत तिला वाटायचं, घरात घाबरायचं काम तिचं आणि बूचं आहे. वर जाणाऱ्याला त्यातून सूट असते.

*

गुरुवार. पहिला तास. पाऊस आहे.

फळ्यावर सगळ्यांची नावं. तिच्या नावासमोर जागा.

"मुर्नी?"

ती उभी राहिली. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानापलीकडे उतार, उतारावर माड, पावसामागे सगळे राखाडी. एवढ्या लांबून कुठलं झाड वाकडं ते कळत नव्हतं. निघताना तो खाचा खरवडायला बागेत शिरताना तिनं बघितला होता. भाताचं ताट झाकलेलंच होतं.

ती 'उकळणं' म्हणू शकत होती. तोंड त्याच आकाराचं झालं होतं. सर खडू घेऊन थांबले होते. 'उकळणं' म्हटलं असतं तर घरी जाऊन सांगता आलं असतं, पाक, नाही बोलले. आणि पुन्हा कधीतरी वाऱ्यात, कुठल्यातरी संध्याकाळी, घशात तोच शब्द अडला असता, आणि बू पुन्हा हात पुढे करून धावली असती.

"पडणं," मुर्नी म्हणाली.

कुणीच काही झालं असं दाखवलं नाही. तिया नखं खात होती. सरांनी लिहायला सुरुवात केली. "मुक्त पतन. छान."

"नाही सर. पडणं."

"तेच ते."

"तेच नाही, सर."

सरांनी मागं वळून तिच्याकडे बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक. त्यांनी लिहिलेलं हातानं पुसलं, आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.

फळ्यावर तो शब्द तासभर राहिला. मग दुसऱ्या तासाचे सर आले आणि त्यांनी तो पुसला, पण ओल्या फळ्यावर त्याची खूण राहिली. तिसरा तास, चौथा तास. कुणीतरी दारात येईल, मुख्याध्यापकांच्या कानाशी लागेल, मुख्याध्यापक 'मुर्नी कोण?' म्हणतील. एकदा शिपाई खरंच आला. त्याला झाडू हवा होता. मुर्नीनं बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर लाकडाची रेघ उठली.

"तुझा विषय भारी आहे," तिया म्हणाली. "पण एवढी का कापतेस? मला तर कृष्णविवराचंच टेन्शन आहे."

*

घराकडच्या वाटेवर ती आधी चालली, मग धावली, मग थांबली, कारण धावताना पावलांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. बागेत आवाज नव्हता. ही त्याची वर असायची वेळही नव्हती, हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

तारविन दारात विळ्याला धार लावत होता.

मुर्नी उंबऱ्याबाहेर चपलांमध्ये उभी राहिली. आतून नार्सिती, हात फडक्यात अडकवलेली, चुलीपाशी बसून बघत होती.

"सांगितलंस?" त्यानं मान न उचलता विचारलं.

"हो."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या तासाला."

दगडावरचा विळा थांबला. नार्सितीनं मोकळा हात तोंडावर नेला. तारविन मोजत असावा, कुठल्या झाडापर्यंत पोचलो होतो त्या वेळी, कुठल्या खाचेत होतो, वारा कुठून होता. मग त्यानं विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"तेव्हा मी वाकड्यावर होतो," तो म्हणाला.

बकरीनं पट्टा खांबाला घासला. तारविन उठला, आत गेला, झाकलेल्या ताटावरचं पान काढलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवला. भरभर, लाजल्यासारखा. गार भात, वाळकी मासळी, सगळं. नार्सिती त्याच्याकडे अशी बघत होती जसा कुणी परका घरात येऊन जेवतोय. मग त्यानं रिकामे नळे कमरेला लावले.

टक. टटक. टक.

नार्सिती आणि मुर्नी दोघी दारात आल्या. चुलीवर काही नव्हतं, ढवळायला निमित्तही नव्हतं. तो वाकड्या माडाकडेच गेला. खाच खरवडली, पाऊल ठेवलं. खाच, पाऊल. जेवल्यामुळे जड झालेला दिसत होता, किंवा तिला तसं वाटत होतं. वारा कालच्यासारखाच होता. टकटक वर गेली, बारीक झाली आणि थांबली.

नार्सितीचा श्वास मुर्नीला ऐकू येत होता. तिचा मोडका खांदा फडक्याखाली प्रत्येक श्वासाबरोबर दुखत असणार, तरी ती श्वास धरून मोजत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती. पोर बोलली आहे. झाडानं ऐकलं आहे. आता फक्त कधी, एवढंच उरलं होतं. दारसुनच्या अंगणातून ते पोरगंही कुंपणाशी येऊन उभं राहिलं. ओठ मिटलेले.

फार वेळ झाला.

नार्सिती दारातून बाहेर सरकली. एक पाऊल, मग दुसरं. बुंध्याच्या दिशेनं.

"बू," मुर्नी म्हणाली.

नार्सिती थांबली नाही.

आणि वरून, पानांच्या आतून, तारविनचा आवाज आला. मोठा, चिरका, कधी न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा.

"वाळकी झावळी पडतेय! पडतेय, बाजूला व्हा!"

नार्सिती जागीच गोठली. मग तिची पावलं आपोआप मागं आली, एक, दोन, पाठ मुर्नीच्या छातीला टेकेपर्यंत. झावळी आली. ती डुलली नाही. जड देठ पुढे करून सरळ आली, बुंध्याशी आपटली, चिखल उडाला. आणि ती जागा, जिथं नार्सिती आणखी दोन पावलांनी पोचली असती, तिथं ती लांबच लांब आडवी झाली.

कुंपणाशी उभ्या पोरानं ओठ हलवून बघितले. "पडली," ते म्हणालं, आणि घाबरून घराकडे बघितलं.

त्याला कुणी मारायला आलं नाही.

वर मात्र शांतता होती. तिघंही मान वर करून बघत राहिले. डोळ्यांत पाणी जात होतं तरी बघत राहिले.

टक.

टटक.

पाऊस पडत होता.